सासूबाईंना बोलावू नये

त्या दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत, हे जंगलाच्या कडेच्या त्या वस्तीत कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं. थोरलीची कोंबडी चुकून धाकटीच्या अंगणात गेली तर दगड खाऊन परत यायची, आणि धाकटीची इकडे आली तर तिचीही तीच गत व्हायची. मधे एक भिंत होती. नवरे मात्र सख्खे भाऊ. ते रोज संध्याकाळी भिंतीच्या टोकाशी उभे राहून पाण्याच्या पंपाबद्दल तासभर बोलायचे आणि बायकांचा विषय निघाला की दोघेही आभाळाकडे बघायचे.

लोकांची भांडणं जमिनीवरून होतात, दागिन्यांवरून होतात. यांचं एका पक्ष्यावरून झालं होतं.

तसा त्या मुलखात पक्ष्यांना तोटा नव्हता. परसातल्या झाडावर सकाळी हिरवे, निळे, लाल थवे असे उतरायचे की फळं कुठली आणि पाखरं कुठली हे कळू नये. मोठ्या चोचीचे, लांब शेपटीचे, तुरेवाले, गुणगुणणारे, नुसतेच बोंबलणारे, सगळे फुकटात. गळ्यात दुर्बिणी अडकवून लांबलांबून पाहुणे येत ते यांच्यासाठीच. पण दोन दिवस डोळे भरून बघून झालं की त्यांचं मन त्या रंगपंचमीवरून उडायचं आणि जो तो एकच मागायचा: ती जमिनीवरची दाखवा.

ती जमिनीवरची म्हणजे दाट झुडपांखाली राहणारी, उजेडाला कधी न येणारी एक ठेंगणी. तांबूस डोकं, राखाडी पोटावर काळ्या रेघा, शेपूट नावालाच, आणि पाय लांबलचक. उकडलेल्या बटाट्याला दोन काड्या खोचाव्यात तशी. तिचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला, तिला पाहिलेले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुस्तकात तिचं नाव जीभ अडखळेल असं होतं. या घरात तिला सासूबाई म्हणायचे.

खऱ्या सासूबाई गेल्या त्याच वर्षीची गोष्ट. दोघी जावा मागच्या दारी भांडी घासत होत्या. झुडपातून ही बाहेर आली, मान तिरकी केली, एका डोळ्याने अंगणाची पाहणी केली, पडलेलं एकेक पान उलटून खाली काय आहे ते बघितलं, आणि काहीच पसंत न पडल्यासारखी टुणटुणत निघून गेली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग त्या इतक्या हसल्या की धाकटीला तिथेच ओल्या फरशीवर बसावं लागलं. तेव्हा त्या बोलत होत्या.

पक्ष्याला माणसाळवलं थोरलीने. कोंड्याने भरलेल्या टबात तिने किडे पाळले, आणि त्याचा आवाज तोंडाने काढायला शिकली. तीन चढते सूर, शेवटचा लांबवलेला. बाई माणूस रोज पहाटे झुडपापाशी बसून शिट्ट्या मारते म्हणून वस्ती हसली. नवऱ्याने डोक्याला हात लावला. पण ती हटली नाही, आणि एका सकाळी सासूबाई शिट्टी ऐकून आल्या, समोरच्या शेवाळलेल्या ओंडक्यावर चढल्या आणि किडा उचलून गेल्या. मग तिथे हिरव्या जाळीच्या कापडाची खोप उभी राहिली, आत बाक आणि कॅमेऱ्यांसाठी खिडक्या. पाहुणे रांग लावू लागले.

रांग आपोआप लागली नव्हती. फोनवर फोटो टाकले धाकटीने. सहली नेणाऱ्यांना निरोप धाडले तिनेच. पाहुण्यांचा नाश्ता, चादरी, चिखलाचे बूट, सगळं तिच्या गळ्यात. एके दिवशी तिने एवढंच म्हटलं, की बाहेरच्या पाटीवर तुमच्याबरोबर माझंही नाव येऊ द्या. थोरली म्हणाली, "किडे मी पाळले, शिट्टी मी मारली. तू चहा केलास."

तोंडातून सुटलेलं ते वाक्य तिला फार महागात पडलं. पुढच्या मोसमात ओढ्यापलीकडे धाकटीची वेगळी खोप उभी राहिली. तिला शिट्टी जमत नव्हती, म्हणून तिने झाडाला स्पीकर बांधला आणि त्यातून सासूबाईंचा टिपून घेतलेला आवाज सोडला. पक्षी काय, आपल्या हद्दीत कोण परका ओरडतोय म्हणून धावत आला. त्या दिवशी थोरलीच्या खोपीत पाहुणे जांभया देत बसले होते. तेव्हापासून तिने धाकटीचं नावच टाकलं. बोलायची वेळ आली तर "ती चोरटी" म्हणायची.

आता थोरलीचा एक नियम होता, आणि तो तिचा तिनेच घातलेला होता. सासूबाई अंड्यांवर असताना त्यांना बोलावायचं नाही. नर-मादी दोघं आळीपाळीने बसतात. शिट्टी ऐकली की बसलेला उठतो, परक्याला हुसकावायला येतो, आणि घरटं उघडं पडतं. जंगलात उघड्या घरट्याकडे बघणारे डोळे काही कमी नसतात. एका पाहुण्याने अशा दिवसांत गुपचूप फोनवर आवाज वाजवला, तेव्हा थोरलीने त्याला त्याच्या सगळ्या लवाजम्यासकट खोपीबाहेर काढलं होतं. तो किस्सा ती अजून रंगवून सांगायची.

पण हाच नियम तिने एकदा बाजारात विकला होता. स्पीकर वाजायला लागल्यावर काय करावं ते सुचेना, तेव्हा तिने नवऱ्याकरवी दिराला निरोप पाठवला: अंडी आहेत, आवाज बंद ठेवा. धाकटीने निमूट बंद ठेवला. आणि थोरलीने त्याच दिवसांत आरामात शिट्ट्या मारून गटामागून गट खूश करून पाठवले. अंडी वगैरे काही नव्हतं. हे धाकटीला कळलं तेव्हा तिने भिंतीपलीकडून जे काही ऐकवलं ते वस्तीत अजून लोकांना पाठ आहे.

तर असं सगळं छान चाललेलं असताना सहलवाल्याने हात टेकले. गटच्या गट आणणारा माणूस तो. त्याच्या गाड्या थांबल्या की दोन्ही घरांच्या चुली थांबणार. त्याने दोघींना वेगवेगळे फोन केले. "मला दोन दारं नकोत. पाहुण्यांसमोर तुम्ही एकमेकींच्या खोपीला शिव्या घालता, मला तोंड लपवावं लागतं. गुरुवारी दातांच्या डॉक्टरांना घेऊन येतोय. जिथे पक्षी दिसेल तिथे पुढचे सगळे गट. दुसरीने मग दुसरं काहीतरी बघावं."

दातांचे डॉक्टर म्हणजे एक निवृत्त गृहस्थ. जगभरातले पक्षी पाहून झालेले, आणि हा एकच राहिलेला. आधी दोनदा येऊन हात हलवत परत गेले होते.

थोरलीला त्या रात्री जेवण गेलं नाही. तिच्या नवऱ्याची कंबर गेल्यापासून घर त्या कापडी खोपीवर चालत होतं. धाकटीचा नवरा धडधाकट, तो कुठेही राबून खाईल. तिने विचार करून करून ठरवलं, की गुरुवारी सूर असा लावायचा की स्पीकरने लाजून बंद पडावं.

आणि मंगळवारी तिला घरटं दिसलं.

दोन-चार दिवस सासूबाई एकट्याच येत होत्या, घाईत एक किडा गिळून ओढ्याकडे पळत होत्या. थोरली लांबून मागे गेली. ओढ्याकाठच्या कुजलेल्या बुंध्याच्या खाचेत, दोन्ही खोपींच्या मधोमध, पानांचा बेंगरूळ ढीग. त्यात पक्षी बसलेला. तिला पाहूनही तो हलला नाही. नुसता एका डोळ्याने बघत राहिला. थोडं थांबल्यावर जोडीदार आला, बसलेला उठला, आणि त्या क्षणभरात तिला दोन अंडी दिसली. निळसर, साधी. थोरली पाय न वाजवता मागे सरकली. तिला आनंद झाला, आणि लगेच घाम फुटला.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. "अहो, आता काय करू?"

"सहलवाल्याला सांग, नंतर या म्हणावं."

"आणि ती चोरटी? ती वाजवणार, दाखवणार, आणि मी इथे नियम चाटत बसू?"

"मग तिलाही सांग."

"मी?"

"मी जाणार नाही बाई. मागच्या वेळी तुझा निरोप नेला आणि भावाने महिनाभर तोंड फिरवलं माझ्यापासून," तो म्हणाला आणि आभाळाकडे बघायला लागला.

शेवटी थोरली स्वतः भिंतीपाशी गेली. पलीकडे धाकटी दोरीवर कपडे वाळत घालत होती. थोरलीने खाकरून घसा साफ केला. धाकटीने वळून पाहिलं नाही.

"अंडी आहेत," थोरली म्हणाली. "गुरुवारी वाजवू नकोस."

धाकटीने एक चादर झटकली, अशी की पाणी भिंतीवरून इकडे उडावं. "अगंबाई! गुरुवारी सहलवाला येणार, आणि सासूबाईंना मंगळवारीच दिवस गेले?"

"खोटं नाही सांगत."

"मागच्या वेळीही नव्हतात सांगत."

"तेव्हाचं सोड."

"का म्हणून सोडू? पाहुणे सोडले, पाटी सोडली, आता हेही सोडू? तुमचा शब्द म्हणजे लांडगा आला रे आला. एकदा फसले, ताई. दुसऱ्यांदा फसायला मी काही तुमच्या टबातला किडा नाही." भांडताना अहोजाहो मात्र सोडायची नाही ती, त्यानेच थोरलीचं डोकं जास्त फिरायचं.

"ओढ्याकाठी जा आणि बघ स्वतःच्या डोळ्यांनी! पडलेल्या बुंध्यात आहे. नाहीतरी दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय आहेच तुला."

"आणि दुसऱ्याच्या कष्टावर नाव लावायची तुम्हाला."

"मी नाही बोलावणार, तूही बोलावू नकोस. एवढंच सांगायला आले होते. वाजवलंस तर तुझा तो भोंगा ओढ्यात फेकीन."

"फेका की. तेवढंच येतं तुम्हाला." धाकटीने रिकामी बादली उचलली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

थोरली धुसफुसत परत आली. एवढं पडतं घेऊन, पायरी सोडून बोलायला गेले, आणि वर हे ऐकून घेतलं! ही बाई वाजवणार. शंभर टक्के वाजवणार. सहलवाल्याला कळवायला तिने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला.

गुरुवारी उजाडता उजाडता गाडी आली. सहलवाला उतरला, मागून डॉक्टर. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर परीक्षेच्या निकालाला आलेल्या पोरासारखी कळा. आधी थोरलीची खोप, मग पलीकडची, असं ठरलेलं होतं. सहलवाला तिला काहीतरी सांगणार होता, पण भिंतीकडे बघून गप्प बसला.

थोरलीने ओंडक्यावर किडे ठेवले आणि आत येऊन बसली. शिट्टी मारली नाही. आपणहून आल्या तर आल्या, भूक काय कोणाला चुकली आहे, असा तिचा हिशोब. वर फांद्यांत नुसता कल्लोळ चालला होता. हिरवे आले, निळे आले, एक तुरेवाला तर ओंडक्यावर बसून दोन किडे खाऊन गेला. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"शिट्टी, वहिनी?" सहलवाला कुजबुजला.

"थांबा जरा."

थांबले. डॉक्टरांनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. "मला तर आता वाटायला लागलंय," ते हळूच म्हणाले, "की हा पक्षी नसतोच. तुम्ही सगळे मिळून माझी थट्टा करता."

सहलवाला हसला, पण त्याने घड्याळ पाहिलं. थोरलीने ते बघितलं. तिचे कान ओढ्यापलीकडे लागले होते. तिकडे चिडीचूप. एक सूर नाही. आणि त्या शांततेनेच तिचा जीव खालीवर व्हायला लागला. दबा धरून बसलीय, ती मनात म्हणाली. माझी वेळ संपायची वाट बघतेय. पाहुणे तिकडे गेले रे गेले की भोंगा सुरू, सासूबाई अंडी सोडून धावणार, आणि ही रांड जिंकणार. म्हणजे अंडी जायचीच. मग ती तिच्या भोंग्याने गेली काय आणि माझ्या शिट्टीने गेली काय? उलट माझी शिट्टी साधी, तोंडाची. एकदाच मारीन. येतील, दिसतील, जातील. तिच्यासारखं तासभर थोडंच बोंबलायचंय?

माणसाला स्वतःला पटवायचं असलं की वकील लागत नाही. थोरलीने ओठ ओले केले आणि तीन सूर सोडले.

सासूबाई लगेच आल्या. किड्यासाठी नव्हेच, ओंडक्यावर चढून, छाती फुगवून, पिसं उभी करून त्या परक्याला शोधायला लागल्या. झाडांतून उजेडाची एक तिरीप नेमकी पोटाच्या रेघांवर पडली. डॉक्टरांनी दुर्बीण डोळ्याला लावली, मग खाली केली, कारण डोळ्यांत पाणी आल्यामुळे दिसत नव्हतं.

"कॅमेरा," सहलवाल्याने खूण केली. डॉक्टरांनी घाईत बटण दाबलं, फोटो हलले. सासूबाई खाली उतरून झुडपाकडे वळल्या. "गेली, गेली," डॉक्टर कळवळले. थोरलीने पुन्हा शिट्टी मारली. पक्षी उसळून परत आला. मग कोन बरोबर नव्हता म्हणून पुन्हा. मग डॉक्टरांना पक्ष्याचा आवाज टिपून हवा होता म्हणून पुन्हा. प्रत्येक वेळी सासूबाई जास्त चिडून यायच्या, आणि प्रत्येक वेळी थोरलीच्या मनात यायचं की आता पुरे. पण सहलवाला असा मान डोलवत होता की तिचा सूर आपोआप लागत होता. कितीतरी दिवसांनी कोणीतरी तिच्याकडे असं बघत होतं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. सहलवाला म्हणाला, "झालं वहिनी, सगळा मोसम तुमचा. आता तिकडे जायचं कारणच नाही. तिने तर कालच माघार घेतली."

"कोणी?"

"तुमच्या जाऊबाईंनी. काल संध्याकाळी फोन आला. म्हणाल्या, मी स्वतः ओढ्यावर जाऊन बघून आले, अंडी आहेत. आम्ही दोघीही बोलावणार नाही, ताईंनी तसा शब्द दिलाय. डॉक्टरांना म्हणावं पिल्लं उडाल्यावर या." तो हसला. "मी म्हटलं, ही काहीतरी चाल असणार. तुमच्या घरचं मला काय माहीत नाही? सकाळी तुम्हाला सांगणार होतो, म्हटलं जाऊ दे, कशाला आगीत तेल ओता. आणि बघा, तुम्ही दाखवलीतच की!"

गाडी गेली. थोरली उभी होती तिथेच उभी राहिली. मग ती ओढ्याकडे निघाली, आधी चालत आणि मग धावत.

पानांचा ढीग जसाच्या तसा होता. एक काडी हललेली नव्हती. आत काही नव्हतं. कवचाचा तुकडा नाही, डाग नाही. साप असाच खातो, मागे काही ठेवत नाही. दोन्ही पक्षी बुंध्याभोवती टुणटुणत होते. एक जण आत जाऊन बसला, उठला, पुन्हा बसला. थोरलीला बघवेना. तिला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो राग, आणि तो सगळाच्या सगळा धाकटीवर. कशाला गेली होती बघायला? कशाला विश्वास ठेवला? नेहमीसारखं वाजवलं असतं तर काय बिघडलं असतं हिचं? मग निदान दोघींनी मिळून केलं असतं.

ती परत आली तेव्हा धाकटी मागच्या दारी भांडी घासत होती. थोरली भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिला शिव्या हव्या होत्या. चोर, चांडाळीण, काहीही.

"साप होता," ती म्हणाली.

धाकटी घासत राहिली.

"एकदाच मारली शिट्टी."

"ओढ्यापलीकडेच बसले होते मी," धाकटी म्हणाली. "ऐकत होते."

"तुझ्या मनात काय होतं ते मला काय कळणार? भिंतीवर काय बोललीस आठवतंय का? वाजवणार नाही म्हणून सांगायला तोंड नव्हतं तुला? सांगितलं असतंस तर..."

धाकटीने मान वर केली. ओरडली नाही. ओरडली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं. "सांगितलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं असतं?" तिने विचारलं. मग म्हणाली, "इतक्या वर्षांत एकदाच तुमचं खरं मानलं, ताई. तेही तुम्ही खोटं करून दाखवलंत."

तेवढ्यात घरात फोन वाजला, आणि थोरली सुटले म्हणत आत गेली.

सहलवाला होता. वाटेतच त्याने डॉक्टरांचे फोटो चार ठिकाणी पाठवले होते आणि आतापासून लोक मागे लागले होते. परवाच एक गट येतोय, तो म्हणाला, सासूबाई नक्की दिसतील ना? नाहीतर मी पाहुण्यांना काय तोंड दाखवू?

थोरलीने खिडकीतून ओढ्याकडे पाहिलं. घरटं मोडलेली जोडी त्या जागी राहत नाही, दुसरीकडे निघून जाते. हे तिनेच कितीतरी पाहुण्यांना समजावून सांगितलं होतं. बाकावर नवरा कंबरेला पट्टा बांधत बसला होता आणि तिच्या तोंडाकडे बघत होता.

"दिसतील की," ती म्हणाली. "घरच्याच आहेत त्या, जातात कुठे? तुम्ही गट घेऊन या, मी आहे ना. रोज येतात माझ्या शिट्टीला."

पलीकडचा भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. ते लक्षात आल्यावर ती मुद्दाम आणखी मोठ्याने बोलायला लागली.